आंत्रविषाचा सिद्धान्त आणि हृद्रोग : मेच्निकॉफ ते टी. एम. ए. ओ.

एखादा सिद्धान्त त्याज्य ठरला आणि शतकभराने त्याच्याशी साम्य असलेला दुसरा सिद्धान्त पुढे आला, म्हणजे पहिला सिद्धान्त खरा ठरला असे म्हणता येईल काय? वैद्यकाच्या इतिहासाच्या अभ्यासकापुढे हा प्रश्न अलीकडे नव्याने उभा राहिला आहे. आतड्यातील जंतू आहारातील काही घटकांपासून ट्रायमेथिलअमाइन नावाचे द्रव्य तयार करतात. यकृतात त्याचे ट्रायमेथिलअमाइन ऑक्साइड बनते. आणि ज्यांच्या रक्तात हे ऑक्साइड अधिक, त्यांच्यात हृद्रोगाचे प्रमाणही अधिक, असे २०११ पासून प्रसिद्ध होत गेलेल्या संशोधनाने दाखविले. या ऑक्साइडाचा उल्लेख पुढे टी. एम. ए. ओ. या संक्षेपाने केला आहे. आतड्यातील जंतूंनी केलेली विषे रक्तवाहिन्यांना जीर्ण करतात, असे इल्या मेच्निकॉफ यांनी विसाव्या शतकाच्या प्रारंभीच सांगितले होते. तेव्हा मेच्निकॉफ यांचे म्हणणे अखेर सिद्ध झाले, असा निष्कर्ष काढण्याचा मोह साहजिकच होतो. प्रस्तुत निबंधात या निष्कर्षाची चिकित्सा करावयाची आहे.

त्यासाठी तीन प्रश्न आरंभीच वेगळे करणे इष्ट होईल. पहिला प्रश्न उत्पत्तीचा : अमुक द्रव्य आतड्यातील जंतूंपासून निर्माण होते काय? दुसरा साहचर्याचा : त्या द्रव्याचे आधिक्य आणि रोग ही दोन्ही एकत्र आढळतात काय? तिसरा कारणत्वाचा : ते द्रव्य खरोखर रोग घडविते काय? पहिल्याचे उत्तर मिळाले म्हणून दुसऱ्याचे मिळत नाही, आणि दुसऱ्याचे मिळाले तरी तिसऱ्याचे मिळतेच असे नाही. आंत्रविषाच्या सिद्धान्ताचा इतिहास हा बव्हंशी या तीन प्रश्नांच्या सरमिसळीचा इतिहास आहे.

१

शरीर आपल्याच आतड्यातील विषांनी पीडित होते, ही कल्पना मेच्निकॉफ यांच्यापूर्वीची आहे. पॅरिसमधील वैद्य शार्ल बुशार यांनी १८८७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या व्याख्यानांतून ‘स्वयंविषबाधे’चा सिद्धान्त मांडला होता. त्याला रसायनशास्त्राचाही आधार होता. जर्मन रसायनज्ञ ऑयगेन बाउमान यांनी १८७० नंतरच्या दशकात असे दाखविले होते की, फेनॉलसारखी द्रव्ये शरीरात सल्फेटाशी संयोग पावून मूत्रावाटे बाहेर पडतात. आतड्यात प्रथिने कुजली की इंडोल, फेनॉल, क्रेसॉल ही द्रव्ये उत्पन्न होतात, ती शोषली जातात आणि मूत्रात उतरतात, ही गोष्ट त्या काळीही संशयास्पद नव्हती. म्हणजे उत्पत्तीच्या प्रश्नाला बऱ्याच अंशी उत्तर मिळाले होते.

मेच्निकॉफ यांचा जन्म १८४५ चा. भक्षककोशिकांच्या शोधाने त्यांनी कीर्ती मिळविली होती आणि १९०८ मध्ये पाउल एर्लिख यांच्यासमवेत त्यांस नोबेल पारितोषिक देण्यात आले. १८८८ पासून ते पॅरिसच्या पाश्चर संस्थेत काम करीत होते. उत्तरायुष्यात त्यांचे लक्ष वार्धक्याकडे वळले. १९०३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मानवी प्रकृतीवरील ग्रंथात त्यांनी असे प्रतिपादिले की, मोठे आतडे हा मनुष्यास आता निरुपयोगी झालेला अवयव असून ते केवळ कुजणाऱ्या पदार्थांचे कोठार आहे. तेथील विषे हळूहळू रक्तात मिसळून ऊती आणि रक्तवाहिन्या यांस दुर्बल करतात. वार्धक्य हे काही अंशी या दीर्घकालीन विषबाधेचे फळ होय. यावरील उपायही त्यांनी सुचविला. दुधाचे आंबवण करणारे जंतू आम्ल निर्माण करतात आणि आम्लात कुजविणारे जंतू वाढत नाहीत. यास्तव आंबविलेले दूध नित्य घ्यावे. बल्गेरियातील दह्यातला जंतू स्तामेन ग्रिगोरोव यांनी जिनीव्हा येथे १९०५ मध्ये ओळखला होता. त्याला मेच्निकॉफ यांच्या पुरस्काराने जगभर प्रसिद्धी मिळाली. १९१० मध्ये त्यांनी आंत्रविषे आणि काठिण्यविकार यांवर स्वतंत्र लेख प्रसिद्ध करून प्राण्यांवरील प्रयोगांचा दाखला दिला.

हा सिद्धान्त आकर्षक होता. तो जंतुशास्त्राशी सुसंगत होता, उत्क्रांतिवादाशी जुळणारा होता, आणि त्यातून दैनंदिन आचरणाचा नियम निघत होता. पण मूत्रातील इंडोल मोजता येणे आणि त्या इंडोलने रोहिणी कठीण झाली हे दाखविणे यांत मोठे अंतर होते, आणि हे अंतर अनुमानाने भरून काढले गेले.

२

रोहिणीच्या अंतःस्तरात मेदयुक्त थर साचून ती अरुंद व कठीण होण्याच्या विकारास येथे रोहिणीकाठिण्य म्हटले आहे. या विकाराच्या प्रायोगिक अभ्यासाचा प्रारंभ मेच्निकॉफ यांच्याच कल्पनेतून झाला, ही गोष्ट सहसा लक्षात घेतली जात नाही. सेंट पीटर्सबर्ग येथील सैनिकी वैद्यक अकादमीत अलेक्झांडर इग्नाटॉव्स्की यांनी सशांना मांस, अंडी आणि दूध असा प्राणिज आहार दिला. प्राणिज प्रथिनांच्या अतिसेवनाने अकाली वार्धक्य येते काय, हे त्यांस तपासावयाचे होते. १९०८ मध्ये त्यांनी प्रसिद्ध केलेला निष्कर्ष असा की, या सशांच्या महारोहिणीत रोहिणीकाठिण्यासारखे बदल झाले. याचा दोष त्यांनी प्रथिनांकडे दिला. मेच्निकॉफ यांच्या विचाराला हा प्रयोगाचा पाठिंबा आहे, असे कोणासही वाटले असते.

परंतु त्याच नगरीतील पुढील संशोधकांनी आहाराचे घटक एकेक करून वेगळे केले. स्टकी यांनी मांस, दूध आणि अंड्याचा बलक निरनिराळ्या सशांना देऊन पाहिले, तेव्हा विकार केवळ बलकाने होतो असे आढळले. म्हणजे दोष प्रथिनांचा नव्हता, बलकात असलेल्या दुसऱ्या कशाचा तरी होता. १९१३ मध्ये निकोलाय अनिच्कॉव आणि सेम्योन खलाटॉव यांनी शुद्ध कोलेस्टेरॉल सूर्यफुलाच्या तेलात विरघळवून सशांना खाऊ घातले आणि तोच विकार निर्माण करून दाखविला. अशा रीतीने आंत्रविषाच्या सिद्धान्ताची परीक्षा घेण्यासाठी आरंभिलेल्या प्रयोगातून कोलेस्टेरॉलचा सिद्धान्त जन्मास आला आणि त्याने आपल्या जनकालाच मागे सारले.

या प्रयोगमालेचे महत्त्व तिच्या निष्कर्षापेक्षाही तिच्या पद्धतीत आहे. संशयित मिश्रणातून एक घटक वेगळा करणे, तो एकटा देऊन परिणाम घडतो काय हे पाहणे, आणि तो वगळल्यास परिणाम टळतो काय हे पाहणे, ही ती पद्धती होय. असे असूनही कोलेस्टेरॉलचे कारणत्व सर्वमान्य होण्यास पुढे कित्येक दशके लागली; कारण शाकाहारी सशावरून माणसाचा निर्णय करता येत नाही, हा आक्षेप रास्त होता. लोकसमूहांची दीर्घकालीन पाहणी, जन्मजात अतिकोलेस्टेरॉलाचा अभ्यास आणि अखेरीस कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या औषधांची नियंत्रित परीक्षणे हे सर्व पुरावे एकाच दिशेने आले, तेव्हाच तो आक्षेप मावळला.

३

अनिच्कॉव आणि खलाटॉव यांचा लेख ज्या १९१३ साली प्रसिद्ध झाला, त्याच वर्षी लंडनच्या रॉयल सोसायटी ऑफ मेडिसिनमध्ये आंत्रविषबाधेवर प्रदीर्घ चर्चा झाली. तिच्या केंद्रस्थानी गाय रुग्णालयाचे शल्यविशारद विल्यम आर्बथनॉट लेन हे होते. आतड्यात मळ साचून राहणे हे असंख्य विकारांचे मूळ आहे असे त्यांचे मत होते, आणि त्यांनी अनेक रुग्णांचे मोठे आतडे शस्त्रक्रियेने काढून टाकले अथवा त्याला वळसा देऊन मार्ग जोडला. मेच्निकॉफ यांचा स्वतःचा कल आहाराच्या उपायाकडे होता. परंतु मोठे आतडे निरुपयोगी आहे, हे त्यांचे विधान शस्त्र उचलणाऱ्यांस सोयीचे ठरले. लेन हे कुशल शल्यविशारद असले, तरी ही शस्त्रक्रिया त्या काळी जोखमीची होती. कित्येक रुग्ण तिच्यामुळे दगावले आणि वाचलेल्यांपैकी अनेकांच्या तक्रारी कायम राहिल्या. ज्या विषाचे नाव निश्चित सांगता येत नव्हते, ज्याचे प्रमाण मोजले जात नव्हते, त्याच्या निवारणासाठी एक संपूर्ण अवयव काढला जात होता.

या सिद्धान्तावर निर्णायक आघात १९१९ मध्ये अमेरिकन वैद्य वॉल्टर अल्व्हारेझ यांनी केला. त्यांचा युक्तिवाद साधा होता. बद्धकोष्ठाच्या रुग्णास शौच झाल्याबरोबर बरे वाटते, डोके हलके होते. पण रक्तात भिनलेले विष इतक्या त्वरेने नाहीसे कसे होईल? अर्थात ही लक्षणे विषाची नसून गुदाशय ताणला गेल्याची आहेत. १९२२ मध्ये डोनाल्डसन यांनी गुदाशयात कापूस भरून हीच लक्षणे निर्माण करून दाखविली. कापसातून विष शोषले जाण्याचा प्रश्नच नव्हता. यानंतर आंत्रविषबाधेची चर्चा प्रतिष्ठित वैद्यकातून हळूहळू हद्दपार झाली आणि रेचके विकणाऱ्यांच्या जाहिरातींपुरती उरली.

येथे एक गोष्ट मात्र ध्यानात घ्यावयास हवी. अल्व्हारेझ यांनी खोडून काढले ते डोकेदुखी, आळस, उदासीनता या लक्षणांचे स्पष्टीकरण. जंतूंनी केलेली द्रव्ये वर्षानुवर्षे रक्तातून वाहत राहिल्यास रोहिणीवर काय परिणाम होतो, या प्रश्नाला कापसाचा प्रयोग स्पर्शही करीत नव्हता. तो प्रश्न असिद्ध ठरला नव्हता; अतिरेकी सिद्धान्ताबरोबर तोही टाकून दिला गेला होता. मेच्निकॉफ १९१६ मध्ये वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी हृदयविकाराने निवर्तले. त्यांच्या टीकाकारांस यात उपहासाचे साधन सापडले, परंतु एका मृत्यूने ना सिद्धान्त सिद्ध होतो ना खोटा ठरतो.

४

दरम्यान जीवरसायनशास्त्रात एक निराळी वाट तयार होत होती. हृद्रोगाशी तिचा काही संबंध आहे असे कोणासही वाटत नव्हते. फ्रेंच रसायनज्ञ गोब्ले यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास अंड्याच्या बलकातून एक स्फुरदयुक्त स्निग्ध द्रव्य वेगळे केले आणि बलकाच्या ग्रीक नावावरून १८५० मध्ये त्याला लेसिथिन हे नाव दिले. लेसिथिनाचा एक घटक म्हणजे कोलीन. हे नाव १८६२ मध्ये आडोल्फ स्ट्रेकर यांनी दिले. कोलीनच्या रेणूत ट्रायमेथिलअमाइनाचा अंश असतो, आणि काही जंतू तो तोडून मोकळा करतात. शिळ्या मासळीला जो उग्र दर्प येतो तो बऱ्याच अंशी याच द्रव्याचा. समुद्रातील माशांच्या स्नायूंत टी. एम. ए. ओ. मुळातच विपुल असते. मासा मेल्यावर जंतू त्याचे ट्रायमेथिलअमाइन करतात. आपल्या किनारपट्टीवरील वाचकास या रसायनाची ओळख पुस्तकातून करून घेण्याचे कारण नाही.

१९५१ मध्ये शिकागो येथील हुएर्गा आणि हान्स पॉपर यांनी माणसांना तोंडावाटे कोलीन देऊन असे दाखविले की, त्याचा बराच मोठा भाग ट्रायमेथिलअमाइन व त्याचे ऑक्साइड या रूपांत मूत्रावाटे बाहेर पडतो. आतड्यातील जंतूंना औषधांनी आवरले की हे रूपांतर घटते, हेही त्यांच्या पुढील कामातून दिसून आले. यकृतातील ज्या एन्झाइमामुळे ट्रायमेथिलअमाइनाचे गंधहीन ऑक्साइड बनते, त्याची माहिती एका दुर्मिळ जन्मजात विकारामुळे झाली. या विकारात घाम, श्वास आणि मूत्र यांस माशासारखा दर्प येतो. १९७० मध्ये वैद्यकीय नियतकालिकात त्याचे जीवरासायनिक वर्णन झाले आणि १९९७ मध्ये त्याचे मूळ एफ. एम. ओ. ३ या जनुकातील दोषात असल्याचे निश्चित झाले. या विकारावरील पाश्चात्त्य लेखांत महाभारतातील मत्स्यगंधेचा उल्लेख आढळतो. पुराणकथेवरून रोगनिदान करणे उचित नव्हे. तथापि मानवी देहाला येणाऱ्या या गंधाची कल्पना प्राचीनांस होती इतके त्यावरून म्हणता येईल.

या सर्व संशोधनाने उत्पत्तीच्या प्रश्नाचा पाया घातला : आहारातील कोलीन, जंतूंनी केलेले ट्रायमेथिलअमाइन, यकृतात बनणारे टी. एम. ए. ओ. आणि मूत्रपिंडावाटे त्याचे विसर्जन. २०१२ मध्ये क्राचुन आणि बाल्स्कस यांनी कोलीन तोडणाऱ्या जंतूंमधील एन्झाइम व त्याचे जनुक शोधून काढले, तेव्हा या साखळीतील महत्त्वाचा दुवाही हाती आला. मेच्निकॉफ यांच्या काळी ‘कुजणे’ एवढाच जो मोघम शब्द होता, त्याच्या जागी आता नाव असलेले जनुक आले.

५

एप्रिल २०११ मध्ये अमेरिकेतील क्लीव्हलँड क्लिनिकमधील स्टॅन्ली हेझन आणि त्यांचे सहकारी यांचा लेख ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यांनी कोणत्याही द्रव्यावर आधी संशय धरला नव्हता. हृदयविकाराचा झटका, पक्षाघात वा मृत्यू ओढवलेल्या रुग्णांच्या आणि तशा न ओढवलेल्यांच्या रक्तातील असंख्य लहान रेणूंची तुलना करून, कोणते रेणू रोगाबरोबर येतात हे त्यांनी शोधले. त्यातून कोलीन, बीटेन आणि टी. एम. ए. ओ. ही तीन द्रव्ये पुढे आली. तिन्ही लेसिथिनाच्या पचनाशी निगडित होती. १,८७६ व्यक्तींच्या निराळ्या गटात हेच साहचर्य पुन्हा दिसले. रोहिणीकाठिण्याची प्रवृत्ती असलेल्या उंदरांना कोलीन वा टी. एम. ए. ओ. दिले असता विकार वाढला, आणि जंतुनाशकांनी आतड्यातील जंतू कमी केले असता कोलीनमुळे होणारी वाढ थांबली.

२०१३ मध्ये दोन लेख आले. पहिल्यात विल्सन टँग आणि सहकाऱ्यांनी निरोगी माणसांना दोन उकडलेली अंडी व चिन्हांकित लेसिथिन देऊन, त्यांच्या रक्तात टी. एम. ए. ओ. वाढते, आठवडाभर जंतुनाशके दिल्यावर ते जवळजवळ नाहीसे होते आणि औषधे थांबविल्यावर परत येते, हे दाखविले. तसेच हृद्‌रोहिणींच्या तपासणीसाठी आलेल्या ४,००७ रुग्णांची तीन वर्षे पाहणी केली. टी. एम. ए. ओ. च्या प्रमाणानुसार त्यांचे चार समान गट केले असता, सर्वांत वरच्या गटात झटका, पक्षाघात वा मृत्यू यांचा धोका सर्वांत खालच्या गटाच्या सुमारे अडीच पट आढळला. दुसऱ्या लेखात तांबड्या मांसातील कार्निटिन या घटकापासूनही हेच द्रव्य बनते, आणि मांसाहारी व्यक्तींच्या मानाने शाकाहारी व्यक्तींत ते फारच कमी बनते, असे दिसून आले. एकच अन्न दोन व्यक्तींत निरनिराळे परिणाम का करते, याचा एक खुलासा जंतूंच्या भेदात मिळाला. २०१६ मध्ये टी. एम. ए. ओ. मुळे रक्तातील बिंबाणू अधिक सहजतेने चिकटतात व गुठळी होण्याची प्रवृत्ती वाढते, असेही प्रयोग प्रसिद्ध झाले.

योगायोग असा की, अंड्याचा बलक येथे पुन्हा अवतरला. १९१३ मध्ये त्यातील कोलेस्टेरॉलाने आंत्रविषाच्या सिद्धान्ताला मागे टाकले होते. २०११ मध्ये त्याच बलकातील लेसिथिनाने तो सिद्धान्त नव्या रूपात परत आणला.

६

मग कारणत्वाचा प्रश्न सुटला काय? याबाबत घाई करू नये, असे सांगणारे पुरावेही तितकेच विचारार्ह आहेत. पहिला आक्षेप मासळीचा. १९९९ मध्ये ४६ प्रकारचे खाद्यपदार्थ माणसांना देऊन केलेल्या एका प्राथमिक अभ्यासात मूत्रातील ट्रायमेथिलअमाइन व त्याचे ऑक्साइड यांचे प्रमाण लक्षणीय वाढले ते केवळ मासे व अन्य समुद्री पदार्थ खाल्ल्यावर. आणि मत्स्याहार तर हृदयास हितावह मानला जातो. दुसरा आक्षेप मूत्रपिंडाचा. टी. एम. ए. ओ. मूत्रावाटे बाहेर जात असल्याने मूत्रपिंड दुर्बल झाले की ते रक्तात साचते. आणि मूत्रपिंडाचा विकार स्वतःच हृद्रोगाचा धोका वाढवितो. तेव्हा टी. एम. ए. ओ. हा अपराधी आहे की अपराधाच्या स्थळी आढळलेला केवळ साक्षीदार, हे साहचर्यावरून ठरत नाही. तिसरा आक्षेप जनुकांचा. जन्मतः मिळालेल्या जनुकभेदांच्या आधारे कारण व परिणाम यांची दिशा ठरविण्याची जी पद्धत आहे, तिने २०१९ मध्ये केलेल्या अभ्यासात टी. एम. ए. ओ. मुळे हृद्रोग होतो असे दिसले नाही. उलट मधुमेह व मूत्रपिंडविकार यांमुळे टी. एम. ए. ओ. वाढते असे दिसले. चौथा आक्षेप प्रयोगांचा. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत उंदरांना कोलीन वा टी. एम. ए. ओ. देऊनही रोहिणीकाठिण्य वाढले नाही.

या आक्षेपांनी नवा सिद्धान्त खोटा ठरतो असे नव्हे. पण उत्पत्ती निर्विवाद आहे, साहचर्य अनेक अभ्यासांत आढळले आहे आणि कारणत्व वादग्रस्त आहे, असे तीन वेगळे निर्णय येथे द्यावे लागतात. टी. एम. ए. ओ. कमी केल्याने माणसांतील हृदयविकाराचे झटके घटतात असे दाखविणारे मोठे नियंत्रित परीक्षण अद्याप पुढे आलेले नाही. कोलेस्टेरॉलच्या बाबतीत ज्या पुराव्याने वाद मिटला, तोच पुरावा येथे उणा आहे.

मेच्निकॉफ यांनी ज्या द्रव्यांची नावे घेतली होती त्यांचेही भवितव्य पाहण्यासारखे आहे. इंडोल व क्रेसॉल यांपासून शरीरात बनणारे इंडॉक्सिल सल्फेट आणि पॅराक्रेसिल सल्फेट हे आज मूत्रपिंड निकामी झालेल्या रुग्णांच्या रक्तातील महत्त्वाचे विषारी घटक मानले जातात आणि रक्तवाहिन्यांवरील त्यांच्या परिणामांचा अभ्यास चालू आहे. आतड्यातच इंडोल शोषून घेणारा कोळसा देऊन मूत्रपिंडाचा विकार मंदावतो काय, हे दोन हजारांहून अधिक रुग्णांवर तपासले गेले. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या परीक्षणांत अपेक्षित लाभ दिसला नाही. दुसऱ्या बाजूने, २०२० मध्ये हेझन यांच्याच गटाने प्रथिनांतील फेनिलअलानिनापासून जंतूंच्या साहाय्याने बनणाऱ्या आणखी एका द्रव्याचे हृद्रोगाशी साहचर्य दाखविले. म्हणजे ‘कुजणारी प्रथिने’ही चर्चेत परत आली आहेत.

७

आता आरंभीच्या प्रश्नाकडे वळू. मेच्निकॉफ खरे ठरले काय? त्यांनी आतड्यातील जंतू, आहार आणि रोहिणी यांचा संबंध असावा असा प्रश्न विचारला, आणि तो प्रश्न फलदायी होता, इतके निःसंशय म्हणता येईल. परंतु टी. एम. ए. ओ. हे त्यांनी सांगितलेले विष नव्हे. ते प्रथिनांच्या कुजण्यातून येत नाही. आणि मोठे आतडे निरुपयोगी असल्याचे त्यांचे मत तर आजच्या ज्ञानाच्या नेमके विरुद्ध आहे. तेथील जंतू मेदाम्ले निर्माण करून आतड्याच्या आवरणाचे पोषण करतात, हे आता सुस्थापित आहे. उत्तराचे साम्य वरवरचे आहे. प्रश्नाचे साम्य खरे आहे. इतिहासकाराने श्रेय द्यावयाचे ते प्रश्नाचे.

याहून महत्त्वाचा बोध पद्धतीविषयीचा आहे. १९१३ मध्ये लंडन येथे उत्पत्तीच्या पुराव्यावरून एकदम उपचाराकडे उडी मारली गेली आणि तिची किंमत रुग्णांनी दिली. त्याच वर्षी सेंट पीटर्सबर्ग येथे एक घटक वेगळा करून तपासला गेला, आणि त्यातून शंभर वर्षे टिकणारे ज्ञान उभे राहिले. दोन्हींचा उगम एकाच कल्पनेत होता. आज आतड्यातील जंतूंविषयीची औषधे, पूरक अन्ने आणि रक्ततपासण्या यांचा बाजार वेगाने वाढत आहे. मेच्निकॉफ यांच्या काळीही आंबट दुधाच्या जंतूंच्या गोळ्या विकल्या जात होत्या. आज कोणी मोठे आतडे कापून टाकीत नाही हे खरे. पण साहचर्य आढळल्याबरोबर कारण सापडले असे समजून आहार व औषध ठरविण्याची सवय मात्र अद्याप गेलेली नाही. आंत्रविषाचा सिद्धान्त एकदा अतिरेकाने बुडाला आणि त्याबरोबर एक चांगला प्रश्नही जवळजवळ नव्वद वर्षे बुडून राहिला. तो प्रश्न आता पुन्हा वर आला आहे. त्याला दुसऱ्यांदा तशी गत येऊ द्यावयाची नसेल, तर त्याचे उत्तर पुराव्याच्या गतीनेच दिले पाहिजे.